उलटे दगड

श्रोतेहो, नमस्कार.

शहरातला जुना ओढा आधी घाण होतो, मग नकोसा होतो, आणि शेवटी त्याच्यावर स्लॅब पडतो. वर रस्ता, खाली अंधार. असा ओढा पुन्हा माणसांत आणता येतो का? येतो. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, आणला.

ओढ्याचं नाव चोंग्येचॉन. 1958 पासून तो काँक्रीटखाली जात राहिला, पुढे वर उड्डाणपूलही आला. 2003 मध्ये ते सगळं पाडायला घेतलं आणि 2005 च्या ऑक्टोबरात जवळजवळ सहा किलोमीटरचा ओढा खुला झाला.

पण मला सांगायचीय ती त्याच्यावरच्या एका पुलाची गोष्ट. पुलाचं नाव ग्वांगतोंग्यो.

सहाशे वर्षांपूर्वीचा कोरियाचा राजा तेजोंग आणि त्याची सावत्र आई, राणी सिंदॉक. तिच्या मुलाला युवराज केलं, हे तेजोंगच्या जिव्हारी लागलं. त्यानं त्या सावत्र भावाला मारलं, पुढे गादीवरही बसला. राणी तर केव्हाच वारली होती, पण राग गेला नाही. 1409 मध्ये त्यानं तिची समाधी शहराबाहेर हलवली. पुढच्याच वर्षी पुरानं मातीचा पूल वाहून नेला, तेव्हा नव्या पुलाला समाधीचेच कोरीव दगड लावले. त्यातले काही उलटे. रक्षक देवतांची डोकी खाली, पाय वर. राणीच्या समाधीचे दगड, आणि त्यांच्यावरून सगळं शहर चालणार!

आणि लोकांनी काय केलं? कोरियन भाषेत पुलाला आणि पायाला एकच शब्द आहे. वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला पूल तुडवले की वर्षभर पाय दुखत नाहीत, अशी समजूत. म्हणून त्या रात्री लोक याच पुलावर गर्दी करत. सुडानं रचलेल्या दगडांवर चांदण्यातली जत्रा!

पुढे हा पूलही रस्त्याखाली गाडला गेला. ओढा उघडताना तो दुरुस्त केला, पण वाहतुकीला अडचण नको म्हणून मूळ जागेपासून सुमारे दीडशे मीटर प्रवाहाच्या वरच्या बाजूला नेऊन बसवला. मला हे पटत नाही. सहाशे वर्षांच्या पुलानं का सरकायचं? गाड्यांनी वळसा घ्यावा. आणि कुठेही ओढा उघडला, तर काठावर उंच कठडे उभारून लोकांना लांबूनच पाणी दाखवायचं, हेही मला मान्य नाही. मुलांचा हात पाण्याला लागला पाहिजे.

तो लागायचा तर आधी सांडपाणी वेगळं, मग दिवे आणि बाकं. पुन्हा सांगते, आधी सांडपाणी वेगळं. सोलमध्ये त्यासाठी दोन्ही काठांखालून वेगळे बंदिस्त मार्ग काढले. ओढ्याला स्वतःचं पाणी पुरेसं नव्हतं, म्हणून मुख्यतः हान नदीतून रोज सुमारे 1,20,000 टन पाणी उपसून सोडायचं ठरलं. तो विजेचा खर्च कायमचा आहे, हे कबूल करूनच असं काम हाती घ्यावं.

आता तिथे पायऱ्या उतरून थेट पाण्याशी जाता येतं. पुलाखाली उभं राहून बघितलं, तर ते दगड अजून उलटेच आहेत. दुरुस्ती करणाऱ्यांनी ते सरळ केले नाहीत.