टीबीचा जंतू : संथ, पण जाम चिवट

स्क्रीनवर निळ्या बॅकग्राउंडवर ह्या बारीक लाल काड्या दिसतायत ना, तोच हा. मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस. लांबी 2 ते 4 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमधे अडीचशे ते पाचशे जण ओळीने मावतील.

खरं तर तो लाल नाहीये, लाल आपण केलाय. बेडका काचपट्टीवर पसरायचा, त्यावर लाल रंग ओतायचा, खालून गरम करायचं आणि मग ॲसिडने धुवायचं. बाकी बहुतेक जंतूंचा रंग धुतला जातो, ह्याचा जात नाही, कारण ह्याच्या अंगावर मेणासारखं जाड कव्हर असतं, रंग सहजी आत जात नाही आणि एकदा गेला की सुटत नाही. नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स पण ह्याच कव्हरपाशी अडकतात.

पण मला विचाराल तर ह्याची खरी ताकद त्या कव्हरात नाही, आळसात आहे! पोटातला ई. कोलाय नावाचा जंतू 20 मिनिटात एकाचे दोन होतो, ह्या साहेबांना 15 ते 20 तास लागतात. रॉबर्ट कॉख ह्या जर्मन डॉक्टरने 24 मार्च 1882 ला बर्लिनमधे हा जंतू जगापुढे मांडला, त्यात रंगाची युक्ती तर होतीच पण पेशन्स पण होता, कारण लॅबमधे वाढवायला ठेवले की इतर जंतू एक दोन दिवसात उगवतात आणि ह्याचे ठिपके दिसायला दुसरा आठवडा उजाडला. आज टीबी तपासायचं सीबीनॅट मशीन दोनेक तासात सांगतं, ते जंतू वाढायची वाटच बघत नाही, थेट डीएनए शोधतं.

खोकल्यातून हवेत, हवेतून फुफ्फुसात. तिथे आपली पांढरी पेशी त्याला गिळते आणि आता पचवणार, तर हा तिची पचवायची यंत्रणाच अडवतो आणि तिच्यातच मुक्काम ठोकतो. मग शरीर त्याच्याभोवती पेशींची गाठ बांधून त्याला कोंडतं. असे कोंडलेले जंतू घेऊन जगातली जवळपास पाव लोकसंख्या फिरतेय, आणि त्यातले बहुतेक कधीच आजारी पडत नाहीत. पण डायबेटिस, एचआयव्ही, किंवा नुसतं पोटभर खायला नसणं, की हा उठला.

आणि म्हणूनच सहा महिने गोळ्या. दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. पहिल्या काही आठवड्यात जोमाने वाढणारे जंतू मरतात, खोकला थांबतो, वजन वाढतं, पेशंटला वाटतं झालो बरा, आणि गोळ्या बंद. पण बरीच औषधं वाढणाऱ्या जंतूलाच नीट मारतात, सुस्त पडलेले उरतात, आणि अर्धवट औषधातून वाचलेल्यांमधूनच पुढे रेझिस्टंट, म्हणजे औषधांना दाद न देणारा टीबी तयार होतो. त्याची ट्रीटमेंट आधी दीड दोन वर्षं चालायची, त्यात इंजेक्शनं, काहींना तर कायमचं कमी ऐकू यायला लागायचं. आता बेडाक्विलिन नावाचं औषध आलंय, ते जंतूची एनर्जी बनवायची यंत्रणाच बंद पाडतं, आणि एनर्जी तर झोपलेल्या जंतूलाही लागतेच.