तोंड नको, हात बघा

नमस्कार मंडळी. जेवणाच्या रांगेत बऱ्याच जणांनी विचारलं, "बेळगावसारख्या गावात राहून जादूगार कसे झालात हो?" बेळगावात राहिलो म्हणूनच झालो. कसं, ते सांगतो.

जादूत निम्मं काम बोलण्याचं असतं. मी प्रश्न विचारला की तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता. विनोद केला की हसता, आणि हसताना नजर क्षणभर सैल पडते. तेवढ्यात नाणं हातातून गेलेलं असतं.

आमची पंचाईत अशी की बोलायचं कुठल्या भाषेत? गणपतीत बेळगावातल्याच शहापूरला खेळ मराठीत, लष्कराच्या कॅम्पात हिंदी, खानापुरात अर्धे इकडचे अर्धे तिकडचे, आणि गोकाकच्या शाळेत सगळी पोरं कन्नड. माझं कन्नड बाजारहाटापुरतं. विनोद कळला नाही की पोरं हसत नाहीत, आणि हसली नाहीत की नजर हलत नाही. गोकाकला मागून एक पोरगं ओरडलंच, "मारी नोडब्याडरी, कै नोडरी!" म्हणजे तोंड नको, हात बघा! आमच्या धंद्याचं गुपित त्यानं फुकटात फोडलं.

मग हातावरच मेहनत घेतली. तळव्यात नाणं दाबून गणपत गल्लीत सामान आणायचं, त्याच हातानं चहाचा कप उचलायचा, ओळखीच्यांना नमस्कार करायचा. नाणं लपवणं त्या मानानं सोपं. हात रिकामा असल्यासारखा सैल दिसणं फार अवघड. आणि आरशावर भरवसा ठेवू नका. नेमक्या लबाडीच्या क्षणी आपणच डोळे मिटतो, आणि वाटतं की काय सफाई आली! आता मोबाइलवर चित्रण करता येतं, नव्या पोरांचं नशीब.

खेळही तसेच निवडले. कड्या एकमेकींत अडकतात तेव्हा त्यांचा खणखणाट सगळ्यांना सारखाच कळतो. कापलेली दोरी सांधायला भाषा लागत नाही. पाण्याचा लोटा तर हुकमी: ओतून रिकामा केला, बाजूला ठेवला, थोड्या वेळानं उचलला की पुन्हा पाणी. अथणीकडे उन्हाळ्यात हा खेळ केला तर एक आजी म्हणाल्या, "हे आमच्या नळाला बसवा की ओ!" त्यांना काय उत्तर देणार?

न बोलण्यातही किती ताकद असते, ते बंगाली जादूगार पी. सी. सरकारांनी दाखवलं. १९५६ च्या एप्रिलमध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा' या टीव्ही कार्यक्रमात त्यांनी एका मुलीला यांत्रिक करवतीनं कापलं. खेळ संपला, मुलीला हाक मारली, ती काही बोलेना. तेवढ्यात निवेदकानं कार्यक्रम संपल्याचं सांगितलं. मुलगी मेली असं वाटून लोकांनी बीबीसीचे फोन अडवून धरले. पुढे लंडनच्या थिएटरातले त्यांचे खेळ तुडुंब भरले. वेळ संपली हे निमित्त. माझ्या मते त्यांनी ते शेवटच्या सेकंदापर्यंत मोजून ठेवलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेला. त्यावर बोलायला बसलो तर तुमची रात्रीची जेवणंही इथंच होतील, तेव्हा ते राहू दे.

बाकी माझी वाट सगळ्यांचीच असते तशी. शाळा, गणेश मंडळं, वाढदिवस, मग कंपन्यांचे कार्यक्रम, मग विमान. फरक एवढाच की परदेशात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा भाषेची धास्ती नव्हती. समोरच्याला माझं बोलणं कळत नाही, याची सवय गोकाकनंच लावली होती.

तुमच्यातल्या दोघा मुलांना शिकायचंय म्हणे. पोरांनो, पत्त्यांपासून सुरुवात करू नका, लहान हातात पत्ते मावत नाहीत. नाणं घ्या, कुठल्याही देशाचं चालेल. फक्त कडेला खाचा असलेलं बघून घ्या. गुळगुळीत कडेचं तळव्यातून घसरतं.