‘झोपू दे त्याला’ म्हणण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. परीक्षा संपली की नागपुरात हिंगणा रोडवर, नंदनवनात, कुठल्यातरी भाड्याच्या रूमवर पार्टी होते. एखाद्याला जास्त होते, तो आडवा होतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘झोपू दे त्याला, सकाळपर्यंत उतरेल.’ दारूने बेशुद्ध झालेलं पोर दगावतं ते अनेकदा याच झोपेत. म्हणून आज त्या रात्रीबद्दल बोलू.

आधी हिशेब. व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा 42.8 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे 180 मिलीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच निकाली काढतं. रात्री अकराला घेतलेली क्वार्टर शरीराबाहेर जायला सकाळचे पाच ते आठ वाजतात. ‘बिअरच तर आहे’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, आठ टक्क्यांच्या 650 मिली स्ट्राँग बिअरमध्ये 40 ग्रॅम असतात. मोहाची दारू किती कडक, हे तर गाळणाऱ्यालाही सांगता येत नाही. काळ्या कॉफीने झोप उडेल, नशा तेवढीच राहते. लिंबूपाण्यानेही उतरत नाही. डिसेंबरच्या नागपुरी थंडीत डोक्यावर बादली ओतली, तर आधीच गार पडत चाललेलं अंग आणखी गार पडतं.

पैज लावून गटागटा पिणं सगळ्यात घातक, कारण शेवटच्या घोटानंतरही अर्धा ते दीड तास रक्तातलं प्रमाण चढतच राहतं. आडवा होताना नीट बोलणारा मुलगा तासाभराने हाकेला ओ देत नाही, तो यामुळे. तोवर मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावतं, घशाची ठसका लागण्याची क्रियाही बंद पडू शकते. उताणा असेल तर उलटी थेट श्वासनलिकेत जाते.

म्हणून त्याला एकटं सोडू नका. मोठ्याने नाव घ्या, खांदा हलवा, कानाची पाळी चिमटून पाहा. घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. आठपेक्षा कमी भरले, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडला, ओठ-नखं निळसर दिसली, झटका आला, डोक्याला मार लागलेला असला किंवा तो जागाच होत नसला, तर 108 ला फोन करा. यातली एक खूण पुरे. सगळ्या दिसण्याची वाट पाहू नका.

गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा. त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसा. तुमच्याकडचा त्याचा हात काटकोनात बाहेर ठेवा. पलीकडचा हात छातीवरून आणून तळहाताची मागची बाजू गालाखाली धरा. पलीकडचा गुडघा उभा करा आणि तोच धरून त्याला आपल्याकडे ओढा. हनुवटी किंचित वर, तोंड जमिनीकडे. पाठीला बॅग टेकवा, अंगावर पांघरूण घाला. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी काढू नका. गोळी देऊ नका. आणि बाइकवर दोघांच्या मध्ये बसवून तर मुळीच नेऊ नका, मान पुढे पडते आणि श्वास अडतो. श्वास थांबलाच तर उताणा करून छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहा.

फोनला उशीर होतो तो भीतीने. वॉर्डनला कळेल, घरी कळेल. राज्यात बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षांची अट आहे, त्यामुळे पोलिसांचीही धास्ती वाटते. आम्हाला ही भीती समजते, तरी फोन कराच. मेडिकल असो की मेयो, नागपूरच्या या दोन्ही सरकारी रुग्णालयांत अपघात विभागात आधी श्वास, शुद्ध आणि रक्तातली साखर पाहतात. उपाशीपोटी प्यायलेल्याची साखर फार खाली जाऊ शकते. किती घेतली, कधी घेतली, सोबत झोपेची गोळी, कफ सिरप किंवा गांजा होता का, हे खरं सांगा. बाटलीही सोबत न्या.

ज्याचे सकाळी हात थरथरतात आणि घोट घेतल्यावरच थांबतात, त्याची गोष्ट वेगळी. अशा मित्राला ‘आजपासून बंद’ अशी शपथ घालू नका. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रमही होतो. त्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन सोडवावी लागते. त्यासाठी मेडिकलचा मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि मित्र तयार नसेल तर त्याच्या वतीने तुम्हीही तिथे विचारू शकता.