तांब्यात कोरलेला तह

[छापाचा क्लोज-अप : वर उचललेले हात]

तांब्यात कोरून कागदावर छापलेल्या चित्रातले हे हात बघा. 15 मे 1648, जर्मनीतल्या म्युन्स्टरचं नगरभवन. डच राजदूत दोन बोटं वर धरून शपथ घेताहेत : स्पेनशी ऐंशी वर्षं चाललेलं युद्ध संपलं. स्पेनचा राजदूत काउंट पेन्यारांदा याचा हात मात्र बायबलवर आहे. शपथ एकाच तहाची, रीत ज्याची त्याची.

[आजचं दालन]

हेच ते दालन. दुसऱ्या महायुद्धात इमारत ढासळली. भिंतींचं लाकडी कोरीवकाम आधीच हलवलं होतं, म्हणून वाचलं.

[मूळ चित्र, मग छाप]

खेरार्ड टेर बोर्ख या डच चित्रकारानं हा सोहळा तांब्याच्या पत्र्यावर रंगवला. जेमतेम 45 बाय 58 सेंटिमीटर, त्यात सत्तरावर माणसं. डाव्या कडेला, आपल्याकडे बघणारा, तो स्वतः. असं चित्र एकाच भिंतीवर टांगलं जाणार. ते घरोघर न्यायला डच शहर हार्लेमचा कोरक्या योनास साउडरहूफ पुढे आला आणि त्यानं ते पुन्हा तांब्यात कोरलं, म्हणजे त्यावरून कागदावर अनेक छाप काढता येतील. त्याचं नाव आज फारसं कुणी घेत नाही.

[आजची कार्यशाळा : कोरणी, पत्रा]

कोरणीची मूठ तळहातात बसते. रेघ वळवायची तर हात नाही, चामड्याच्या उशीवरचा पत्रा फिरवायचा. तांब्याची साल अशी उठते. चर जितका खोल, तितकी छापातली रेघ काळी. शिवाय पत्र्यावरचं डावं कागदावर उजवं उमटणार, म्हणजे सगळं उलटं धरूनच कोरायचं. मग शाई चरांत भरायची, वरची फडक्यानं आणि तळव्यानं पुसायची, ओलसर कागद ठेवायचा आणि रुळांखालून काढायचा. हा आवाज ऐका.

[छाप : एकेक चेहरा]

त्या काळी तहाच्या छापांत ढगांवर शांतिदेवता, तिच्या पायाशी मोडक्या तलवारी, असा थाट असायचा. इथे नुसती माणसं आहेत, दाटीवाटीनं उभी. आमच्या मते देवतांच्या त्या गर्दीपेक्षा हेच जास्त खरं वाटतं.

[नकाशा]

स्पेननं डच प्रजासत्ताकाचं स्वातंत्र्य मान्य केलं. स्पेनच्या ताब्यातल्या अँटवर्प बंदराची शेल्ड नदी समुद्री व्यापाराला बंदच राहिली. फ्रान्स आणि स्पेन 1659पर्यंत लढत राहिले.