"कधी ढकललं होतं का?"

घरोघरी जाऊन पाहणीचे प्रश्न विचारणाऱ्या मुलींच्या प्रशिक्षणातला हा सराव आहे. खऱ्या मुलाखतीत कॅमेरा चालत नाही, तिसरं माणूसही चालत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा नियमच आहे : सासू आत-बाहेर करत असेल तर हिंसेचे प्रश्न वगळायचे. एका घरातली एकच बाई निवडायची, जावेला विचारायचं नाही.

"नवरा छळ करतो का?" असं या मुली विचारत नाहीत. छळ म्हणजे रॉकेल ओतणं, घराबाहेर काढणं, हे ऐकतच बायका मोठ्या झालेल्या असतात. म्हणून एकेक कृती विचारायची. ढकललं? अंगावर काही फेकून मारलं? थोबाडीत दिली? हात पिरगाळला, केस ओढले? लाथ घातली, फरफटत नेलं? गळा दाबला, चटका दिला?

सराव करणाऱ्या मुलीचा हात बघा. बांगड्या मागे-पुढे होतायत. सराव आहे, तरीही.

कृती मोजण्याची ही पद्धत अमेरिकेत मरी स्ट्रॉस यांनी 1979 मध्ये मांडली. स्त्रीवादी अभ्यासकांचा आक्षेप तेव्हापासूनचा : एकदा रागात दिलेला धक्का आणि वीस वर्षांची दहशत एकाच रकान्यात कशी बसवता? आक्षेप खरा आहे. पण यादी नसती, तर तो धक्काही कुणी सांगितला नसता.

2019-21 च्या पाहणीत 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या 29.3 टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. ही हिंसा शारीरिक किंवा लैंगिक. पगार काढून घेणं, स्त्रीधन विकून टाकणं याला कौटुंबिक हिंसेविरुद्धचा 2005 चा कायदा आर्थिक छळ म्हणतो, पण या टक्क्यांत ते नाही.

आता हे पोलीस ठाण्यातलं टेबल. थोबाडीत मारल्याची तक्रार इथे बहुतेकदा 'एनसी' होते, म्हणजे अदखलपात्र. गुन्हा दाखल झालाच, तर राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजतो. बाईचा खून झाला, तर आधीचा छळ मोजणीतून गळतो.

अशा बायकांसाठी संरक्षण अधिकारी किती हवेत, निवारागृहं किती हवीत, हे ठरवायला असेच आकडे लागतात.

पायरीवर तांदूळ निवडतायत त्या आजींकडे टॅबलेट घेऊन कुणी येणार नाही. प्रश्नांची यादी एकोणपन्नासाव्या वर्षी संपते.