मृत्युपत्र कुठं शोधायचं?

श्रोतेहो, नमस्कार. तेरावं उरकलं की घरात हळूच विषय निघतो, आप्पांनी मृत्युपत्र केलं होतं का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका घरची गोष्ट ऐका. ट्रंक उपसून झाली, देव्हाऱ्याखालचा कप्पा बघितला, लॉकर बघितला. मग थोरल्यानं जमिनीची तीस वर्षांची ईसी, म्हणजे जमिनीवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा दाखला, काढली. तिच्यात मृत्युपत्राची नोंद नाही. केलंच नसणार म्हणून उताऱ्यावर वारसांची नावं चढवायचा अर्ज लिहून झाला. तेवढ्यात नववीतली नात तारेला टोचलेली जुनी लाईटबिलं काढत बसली. मधेच एक कन्नड पावती निघाली. घरपट्टीची समजून कुणीतरी टोचून ठेवलेली. पोरीनं वाचलं, 'मरणशासन'. अहो, हेच मृत्युपत्र! खाली दस्त नंबर, साल, आणि कचेरी निपाणीची. आजोबा महिनाभर तिथं लेकीकडं राहिले होते. निपाणीतून नक्कल निघाली. व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा एक्झिक्युटर, म्हणून तिच्यात जावयाचं नाव होतं. त्यांना पत्ताच नव्हता. मराठी आपण जपायचीच, पण पोरांना कन्नड वाचताही आलं पाहिजे. कचेरीतला कागद आपल्याला वाचता आला नाही की नुकसान आपलंच.

ईसीत का दिसलं नाही? नोंदणी कचेरीत दस्तांची वेगवेगळी बुकं, म्हणजे नोंदवह्या, असतात. ईसी निघते पहिल्या बुकातून, मृत्युपत्र नोंदतात तिसऱ्या बुकात. परत सांगतो, मृत्युपत्र तिसऱ्या बुकात. मृत्यूचा दाखला जोडून सब-रजिस्ट्रारकडं त्याच बुकाचा शोध मागा. जमीन जिथं, मृत्युपत्र तिथंच नोंदलं असेल असं नाही. लेकी, भाऊ राहतात त्या गावच्या कचेऱ्याही बघा. कुणी मृत्युपत्राचं मोहोरबंद पाकीट जिल्हा रजिस्ट्रारकडं ठेवतात. अर्ज केल्यावर ते तुमच्यासमोर फोडतात, तुमच्या खर्चानं तिसऱ्या बुकात उतरवतात. मूळ कागद तिथंच राहतो.

नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी केलेलंही चालतं. म्हणून वकील, दस्त लिहिणारे, सगळ्यांना विचारा. एक सापडलं तरी थांबू नका. नंतरचं साधं मृत्युपत्र आधीचं नोंदलेलं रद्द करू शकतं. साक्षीदारांचे पत्ते लगेच टिपा, कोर्टात निदान एकाची साक्ष लागते. मूळ प्रत मयताजवळ होती आणि मिळाली नाही, तर त्यांनीच ती फाडली असं कोर्ट धरू शकतं. सापडली तर कुठं सापडली ते दोघांसमक्ष लिहून ठेवा. आणि झेरॉक्ससाठी पिन काढू नका. पिनेची मोकळी भोकं दिसली की मधलं पान कुणी काढलं, यावरच भांडण सुरू होतं.