रिचर्ड अर्न्स्ट आणि दहा लाखांतली पाच केंद्रकं

मित्रहो, एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स) म्हणजे चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओ लहरी वापरून अणुकेंद्रकांकडून रेणूची रचना जाणून घेण्याचं तंत्र. त्याची गोष्ट त्याच्या दारिद्र्यापासून सुरू करावी लागते. हायड्रोजनची केंद्रकं चुंबकीय क्षेत्रात ठेवली की काही क्षेत्राच्या दिशेने राहतात, काही विरुद्ध. दोन्ही गटांच्या संख्येत फरक किती? साठच्या दशकातल्या ६० मेगाहर्ट्झच्या यंत्रात, खोलीच्या तापमानाला, दहा लाखांमागे जेमतेम पाच! बाकीची एकमेकांना खोडून टाकतात. रिचर्ड अर्न्स्ट यांचं सारं संशोधन म्हणजे, माझ्या मते, या पाचांना बोलतं करण्याचा खटाटोप.

जन्म १९३३, स्वित्झर्लंडमधलं विंटरथूर. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात डॉक्टरेट केली, पण विद्यापीठीय संशोधनाला ते कंटाळले होते. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हेरियन कंपनीत गेले. तिथे वेस्टन अँडरसन भेटले.

तेव्हा वर्णपट, म्हणजे केंद्रकं कोणकोणत्या वारंवारतांना प्रतिसाद देतात याचा आलेख, कसा घेत? वारंवारता हळूहळू बदलत जायचं आणि एकेक रेषा टिपायची. बहुतेक वेळ रेषांमधल्या रिकाम्या जागा चाळण्यात जाई. या दोघांनी १९६४ मध्ये वेगळाच मार्ग धरला. रेडिओ लहरींचा एक छोटा, जोरदार स्पंद द्यायचा; वाद्याच्या सगळ्या तारा एकदम छेडाव्यात तसा. मग विरत जाणारा गुंतागुंतीचा संकेत नोंदवायचा आणि फूरिए रूपांतराने त्यातल्या वारंवारता वेगळ्या करायच्या. काही मिनिटांचं काम सेकंदावर आलं. वाचलेल्या वेळात तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करता येतो. शंभर वेळा केला तर संकेत शंभरपट होतो, गोंगाट मात्र दहापटच. कार्बन-१३ निसर्गात फक्त १.१ टक्का, त्याचे वर्णपट रसायनशास्त्रज्ञांना रोजच्या कामात मिळू लागले ते यामुळेच. आणि हे गणित करायला प्रयोगशाळेत संगणक नव्हता बरं का! आकडे कार्डांवर पंच करून बाहेरच्या संगणकाकडे न्यावे लागत.

हा शोधनिबंध एका नामांकित नियतकालिकाने दोनदा नाकारला. १९६६ मध्ये तो उपकरणांना वाहिलेल्या नियतकालिकात आला. मला ती जागा चुकीची वाटत नाही. उपकरण बदललं तेव्हाच रसायनशास्त्र बदललं.

१९६८ मध्ये अर्न्स्ट ईटीएचला परतले. १९७१ मध्ये युगोस्लाव्हियातल्या एका उन्हाळी शिबिरात बेल्जियमचे जाँ जेनर यांनी एक कल्पना मांडली: दोन स्पंद द्या, त्यांच्यातलं वेळेचं अंतर पायरीपायरीने वाढवा आणि दोन्ही काळांचं, म्हणजे या अंतराचं आणि संकेत नोंदवण्याच्या वेळेचं, फूरिए रूपांतर करा. रेषेऐवजी नकाशा मिळतो, आणि कोणतं केंद्रक कोणाशी जोडलेलं आहे हे त्यातले कर्णरेषेबाहेरचे ठिपके सांगतात. जेनर यांनी ती तेव्हा छापली नाही. अर्न्स्ट यांच्या विद्यार्थ्याने ती झुरिकला आणली, प्रयोगात उतरली ती अर्न्स्ट यांच्याकडे, आणि श्रेय त्यांनी जेनर यांना खुल्या मनाने दिलं.

इथे आपला माणूस येतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे अनिल कुमार. १९७५ मध्ये कुमार, वेल्टी आणि अर्न्स्ट यांनी हीच युक्ती प्रतिमा घेण्यासाठी वापरली. आजच्या एमआरआयच्या मुळाशी ते काम आहे. पुढे १९८० मध्ये कुमार, अर्न्स्ट आणि कुर्ट व्यूट्रिख यांनी प्रथिनांवर 'नोझी' हा प्रयोग केला. अवकाशात साधारण पाच अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आत असलेली हायड्रोजन केंद्रकं त्यात एकमेकांची साक्ष देतात. अशा शेकडो जोड्यांची अंतरं जुळवली की प्रथिनाची त्रिमिती रचना उभी राहते, तीही स्फटिक न बनवता, द्रावणातच.

अर्न्स्ट यांना १९९१ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्याला मिळालं. बातमी कळली तेव्हा ते मॉस्कोहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात होते. व्यूट्रिख यांची पाळी २००२ मध्ये आली.